‘हे शिकून पोरगी होणार कोण?’

मे उजाडला की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. पोरगं हुशार, पदवी झालेली, आणि आता विकास, विषमता, लोकप्रशासन असल्या विषयात एम.ए. करायचं म्हणतं. पालकांची झोप उडालेली. यंदा चौथ्यांदा ऐकलं, म्हणून लिहायला बसले. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

शिरोळ तालुक्यातली ती मुलगी इंग्लंडमधल्या वर्षभराच्या कोर्सचं माहितीपत्रक छापून घेऊन आली होती. सोबत तिचे वडील आप्पा, खुर्चीच्या कडेवर टेकलेले. ‘मॅडम, डॉक्टर हुणार, तलाठी हुणार, असलं चावडीवर सांगता येतंय. ह्येचं काय सांगू?’

एकटी भेटली तेव्हा ती रडली. ‘आप्पांना पटलंच पाहिजे, नाहीतर मी जाणारच नाही.’ मी ते वाक्य कागदावर लिहिलं आणि दोन्ही ‘च’भोवती गोल काढला. विवेकनिष्ठ पद्धतीत, म्हणजे मनातले हट्टी विचार तपासून बदलायला शिकवण्यात, माझी वीसेक वर्षं गेलीत आणि निम्मं काम या ‘च’वरच चालतं. आप्पांना पटावं, ही झाली इच्छा. पटलंच पाहिजे, ही अट. अट घातली की माणूस समजावायचं सोडून भांडायला लागतो, आणि त्या घरात दोन महिने तेच चाललं होतं.

मग म्हटलं, ‘मला सांग बघू तुझा विषय.’ दहा मिनिटं बोलली. ‘इनइक्वॅलिटी’, ‘गव्हर्नन्स’, ‘पॉलिसी’ यापलीकडे माझ्या हाती काही लागलं नाही. ‘शनिवारपर्यंत हेच आप्पांना सांगायचं. एकही इंग्रजी शब्द नको आणि उदाहरण गावातलं हवं.’

शनिवारी दोघं जिन्यातूनच वाद घालत वर आली.

तिने २०१९च्या पुराचं उदाहरण दिलं होतं. त्यांच्या सोप्याच्या भिंतीवर पाण्याच्या रेघा गेरूने आखून ठेवल्यात: २००५ची खाली, २०१९ची तिच्यावर हातभर. पाणी गल्लीतल्या सगळ्यांच्या घरात शिरलं. मदत मात्र ज्यांच्याकडे घराचा उतारा होता त्यांना मिळाली. आप्पांच्या रानात राबणारं कुटुंब दुसऱ्याच्या परड्यात छप्पर घालून राहायचं, त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. ‘पाणी सारखं, कागद सारखा नाही, हाच माझा विषय,’ असं ती म्हणाली आणि आप्पांनी तिला तिथंच अडवलं. ‘तसं सोपं न्हाई ते. त्येचं नाव यादीत घालाय मी तीन खेपा घातल्या!’ आप्पा एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होते, हे मला तेव्हा कळलं.

मी गप्प बसले. हे गप्प बसणं मला फार उशिरा जमलं. थोड्या वेळाने आप्पाच हसले. ‘म्हंजे ह्यो विषय मी पाच वर्सं बिनपगारी केला की!’

मग मी भर घातली. १९४३च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन हेच मांडतात, की धान्य होतं, ते मिळवण्याची ऐपत लाखोंकडे उरली नव्हती. आणि ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९०२ साली सरकारी नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, तिथल्या माणसाने विषमता लंडनहून शिकून यावी असं काही नाही. ती मोजायची कशी, हे मात्र शिकावं लागतं.

‘बरं, पर पगार?’ आप्पा मूळ पदावर आले. रास्त प्रश्न. पालकांना मी स्पष्ट सांगते, या पदवीसमोर ठरलेली खुर्ची मांडून ठेवलेली नसते. सामाजिक आणि संशोधन संस्था, कंपन्यांचे सीएसआर म्हणजे सामाजिक कामाचे विभाग, सरकारी योजनांचं सल्लागारीचं काम अशा ठिकाणी वाव असतो आणि सुरुवातीचा पगार इंजिनिअरिंगवाल्या भावाइतका सहसा नसतो. संख्याशास्त्र कच्चं आणि नुसती तळमळ पक्की, अशा उमेदवाराला कुणी विचारत नाही. परदेशाचं म्हणाल, तर ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती वर्षभराच्या पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च उचलते, पण आधी किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते आणि नंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतायला लावते. तेव्हा रान तारण ठेवण्याआधी दोन वर्षं काम करू द्या. जीव रमला नाही, तर तेही फुकटात कळतं.

ती सध्या एका संस्थेत पूरग्रस्त गावांतल्या घरांच्या नोंदी तपासतेय. कर्जाचं काय ते ऊसबिल आल्यावर बघू, म्हणतात आप्पा. निघताना त्यांनी विषयाचं नाव मराठीत चिठ्ठीवर लिहून घेतलं. मी लिहिलं, ‘जागतिक विकास, विषमता आणि लोकप्रशासन’. दोनदा वाचून त्यांनी चिठ्ठी खिशात घातली. ‘लई लांब हाय. मी आपलं पंचायतीचं मोठं शिक्शान म्हंतो.’