पेरून म्हणजे वरुण नव्हे

प्रश्न असा आला आहे: जुन्या स्लाव (रशियन, पोलिश, चेक अशा) लोकांचा विजेचा देव 'पेरुन' हा आपला वरुणच का, आणि नाव ऱ्हस्व लिहायचं की दीर्घ?

दीर्घ. रशियनमध्ये जोर शेवटच्या अक्षरावर आहे आणि मराठीत, वरुणासारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडले तर, अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार-उकार दीर्घ असतो. 'शेत पेरून आलो' मधल्यासारखं दिसतं, तर दिसू द्या.

आणि नाही, तो वरुण नाही. 'रशियात वरुणाची पूजा होत असे' हा मजकूर पावसाळा आला की फिरायला लागतो आणि चांगली शिकलेली माणसं तो पुढे ढकलतात. कानाला जुळलं की नातं लागत नाही. आपला प स्लाव भाषांत प राहतो आणि व व राहतो. पाचाला रशियन लोक 'प्यात' म्हणतात, विधवेला 'व्दोवा'. मग एकट्या वरुणाच्या व चा प कुठून झाला? शिवाय वरुण ऋताचा, म्हणजे विश्वाच्या नियमाचा, राखणदार, पाश टाकून बांधणारा. पेरून हाणणारा. 'पेर' म्हणजे मारणं आणि 'ऊन' हा करणाऱ्याचा प्रत्यय, जसा 'बेगून' म्हणजे पळणारा. पोलिश माणूस आजही कोसळणाऱ्या विजेला 'प्योरून' म्हणतो.

९८० साली रूसच्या व्लादिमीर राजाने राजधानी कीव्हच्या टेकडीवर मूर्ती बसवल्या, त्यांत पहिला हाच. लाकडाचा देह, चांदीचं डोकं, सोन्याच्या मिशा असं वर्णन रूसच्या जुन्या बखरीत आहे. ९८८ मध्ये त्याच व्लादिमीरने बाप्तिस्मा घेतला, मूर्ती घोड्याच्या शेपटीला बांधून फरफटत नेली, बारा माणसांकडून काठ्यांनी बडवून घेतली आणि नीपर नदीत ढकलली.

पेरूनचे खरे सोयरे शेजारीच आहेत. लिथुआनियाचा पेर्कूनस, लाटव्हियाचा पेर्कोन्स, दोघेही मेघगर्जनेचे देव. लिथुआनिया १३८७ पर्यंत ख्रिस्ती झालाच नव्हता, म्हणून पेर्कूनसच्या आठवणी तिथे जास्त टिकल्या. त्याच्या नावात मात्र एक क आहे आणि तो ओकच्या झाडाकडे नेतो, लॅटिन 'क्वेर्कुस' त्याच मुळाचा. नॉर्वे-आइसलंडकडचा मेघगर्जनेचा देव थोर, त्याच्या आईचं नाव फ्योर्गिन, तेही याच कुळातलं मानतात. फिन लोकांनी बाल्टिक शेजाऱ्यांकडून हे नाव उचललं आणि ख्रिस्ती झाल्यावर त्याचा सैतान केला. 'पेर्केले' ही त्यांची आजची सणसणीत शिवी.

यातला माझा लाडका पुरावा म्हणजे जर्मनीतल्या पोलाब स्लावांचा गुरुवार. त्यांची भाषा अठराव्या शतकात संपली, पण शब्द टिपून ठेवले गेले. रोमन लोकांचा ज्युपिटरचा वार, जर्मनांनी तो मेघगर्जनेचा वार केला आणि पोलाबांनी 'पेराउनेदान', पेरूनचा दिवस. आपला गुरुवारही त्याच ग्रहांच्या आठवड्यातला, गुरू म्हणजे ज्युपिटरच.

वेदांतल्या पर्जन्य देवाचं काय, असं आता कोणी विचारेलच. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवायला आलेले जर्मन संस्कृत पंडित ब्यूलर यांनी पर्जन्य आणि पेर्कूनस यांची गाठ घातली, मॅक्सम्युलरने ती जगभर नेली. अर्थ चपखल बसतो, पण तो ज बसत नाही. पेर्कूनसच्या क चा संस्कृतात क किंवा च व्हायला हवा होता. विजेच्या देवाचं नाव लोक भीतीने मुद्दाम मोडून घेत, असं सांगून हे अंतर भरतात. आपणही रात्री सापाला 'जनावर' म्हणतो, तेव्हा हे अशक्य नाही. पण भीतीच्या नावावर कोणताही ज खपवायचा ठरला, तर व्युत्पत्तिशास्त्र कशाला हवं?

खरं नातं हवं असेल तर देवाचं नाव सोडा आणि 'देव' हा शब्द घ्या. सगळ्या स्लाव भाषांत देव म्हणजे 'बोग', आणि बोग म्हणजे भग! भाग्यसूक्तातला, वाटा देणारा भग. रशियन 'बोगाती' म्हणजे श्रीमंत, ज्याच्याकडे भाग आहे तो. पोलिश 'उबोगी' म्हणजे गरीब. त्यातला 'उ' आणि आपला 'अव' एकच, तोच अवकळा आणि अवदसा मधला. म्हणजे उबोगी हा अव-भगी. चेक 'नेबोही' तर सरळ अभागी. पोलिशमध्ये धान्याला 'झ्बोझे' म्हणतात, तेही या बोगपासूनच, आधी अर्थ संपत्ती होता. वॉर्सातला दाणेवाला आणि आपला भाग्यवान एकाच मुळावर उभे आहेत, यापुढे वरुणाची ओढाताण कोणाला हवी?

बरेच पंडित म्हणतात की बोग हा शब्दच स्लावांनी इराणी शेजाऱ्यांकडून, काळ्या समुद्रामागच्या गवताळ मुलखातल्या शक-सर्मात लोकांकडून, उसना घेतला. मला हे अजिबात पटत नाही. उसना शब्द एकटा येतो. श्रीमंत, गरीब, अभागी, धान्य असं अख्खं गोत घेऊन येत नाही. शब्द घरचाच. इराण्यांकडून आला तो 'देव' हा अर्थ. प्राचीन इराणचा सम्राट दार्युश याच्या शिलालेखांत अहुरमज्द 'थोर बग', म्हणजे थोर देव आहे, आणि अवेस्ता या पारशी धर्मग्रंथात 'दएव' राक्षस झाला. लिथुआनियन शेजाऱ्यांनी 'द्येवस' जपला, स्लावांनी तो सोडून बोग धरला. वीज उत्तरेच्या शेजाऱ्यांबरोबर, देव दक्षिणेच्या, अशी ही वाटणी आहे.

आता स्लावांच्या स्वारोग या दुसऱ्या देवाबद्दल 'स्वारोग म्हणजे स्वर्ग' म्हणतात, तेही थांबवा. आपल्या 'स्वर्'चा, म्हणजे सूर्याचा, स्लाव भाऊ 'सोल्न्त्से' आहे, त्यात ल आहे. मग स्वारोगात र कसा? इराणीतून आला म्हणावं तर तिकडे स्व चा ह्व किंवा ख्व होतो. तसा एक देव व्लादिमीरच्या टेकडीवर होताही: खोर्स. अनेकजण त्याची गाठ फारसी खुर्शीदशी घालतात, आणि खुर्शीदमधला 'खुर' हाच आपला स्वर्.