‘डॉक्टर हू’च्या ‘ब्लिंक’ भागात डॉक्टरचे संवाद मुळात लिहिले कुणी? ही पटकथेतली चूक नाही का?

चूक नाही. पण तुम्हाला जे खटकतंय ते खटकण्यासारखंच आहे. ‘टाइम ट्रॅव्हल आहे, त्यात काहीही चालतं’ म्हणून कुणी बोळवण करत असेल तर ऐकू नका. काहीही चालत नाही, आणि या भागाच्या लेखकाने तर हिशेब बराच चोख ठेवलाय. फक्त एका रकान्यात त्याने मुद्दाम काही भरलेलं नाही.

ज्यांनी भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (पाहायचा असेल तर इथेच थांबा). ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेचा, ९ जून २००७ ला बीबीसीवर लागलेला हा भाग. काळात फिरणारा डॉक्टर आणि त्याची सोबतीण मार्था १९६९ मध्ये अडकलेत आणि त्यांचं यान, टार्डिस, २००७ मध्ये राहिलंय. त्यांना तिकडे भिरकावलंय ‘वीपिंग एंजल्स’नी. हे एंजल्स कुणी बघत असलं की दगडी पुतळे असतात, आणि पापणी मिटली की अंगावर येतात. २००७ मधल्या सॅली स्पॅरोला काही डीव्हीडींमध्ये लपवलेली एक चित्रफीत सापडते. तीत डॉक्टर कुणाशी तरी अर्धंमुर्धं बोलतोय. सॅली सहज काहीतरी बोलते, तर तो चक्क तिला उत्तर देतो! कारण १९६९ मध्ये त्याच्यासमोर टेलिप्रॉम्प्टर आहे आणि त्यावर दोघांचीही वाक्यं आहेत. ती आली कुठून? चित्रफीत पाहून पाहून डॉक्टरची वाक्यं सॅलीच्या मैत्रिणीच्या भावाने, लॅरीने, आधीच उतरवून ठेवली होती, आणि आता सॅली बोलत असताना शेजारी बसून तो तिची वाक्यं मधल्या जागांत भरत होता. वर्षभराने, २००८ मध्ये, सॅलीला दुकानाबाहेर डॉक्टर दिसतो. त्याच्या आयुष्यात यातलं काहीच अजून घडलेलं नाही. ती सगळे कागद त्याच्या हातात ठेवते. पुढे तो १९६९ मध्ये जाऊन पडतो आणि त्या कागदांवरचं वाचून दाखवतो.

तुम्ही विचारताय, मग डॉक्टरची वाक्यं सुचली कुणाला?

आधी एक करू. सॅलीने दिलेल्या त्या कागदांमधल्या गोष्टी वेगवेगळ्या करू, कारण त्या सगळ्या एका जातीच्या नाहीत. त्यात सतरा डीव्हीडींची यादी आहे. तिचं मूळ सापडतं. सॅलीच्या घरी ज्या सतरा डीव्हीडी आहेत, नेमक्या त्याच त्या. तिने त्या आपल्या आवडीने विकत घेतल्या. यादी भूतकाळात गेली, तिथे एंजल्सनीच १९६९ मध्ये भिरकावलेल्या बिली शिप्टन नावाच्या माणसाने पुढे डीव्हीडींच्या धंद्यात शिरून चित्रफीत त्या सतरांवर चढवली, बस. यादीचा उगम सॅलीच्या कपाटात आहे. तिची स्वतःची वाक्यंही तशीच. ती तिने त्या क्षणी, घाबरून, चिडून, तिच्या तोंडाने बोललेली आहेत. समोरचा काय बोलला यावर ती अवलंबून आहेत हे खरं, पण आपण सगळेच तसं बोलतो.

कागदाचंही कोडं नाही. लॅरीचा कागद कोरा होता, २००७ मध्ये त्यावर शाई पडली, २००८ मध्ये तो डॉक्टरकडे गेला, १९६९ मध्ये पोचला. तिथून तो परत लॅरीच्या हातात आला असता तर पंचाईत होती, कारण दर फेरीला कागद जुना होणार आणि तरी तोच कोरा कागद राहायला हवा. आंद्रेई लोसेव्ह आणि इगॉर नोविकोव्ह या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये अशा वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूंना ‘जिन्न’ असं छान नाव दिलंय. ‘ब्लिंक’मध्ये कागद जिन्न नाही. शब्द आहेत, तेही फक्त डॉक्टरचे. तसाच डॉक्टरने सॅलीसाठी १९६९ मध्ये भिंतीवर लिहून ठेवलेला, वॉलपेपरखालचा ‘सॅली, खाली वाक’ हा निरोपही.

आता तो प्रसंग जवळून बघा. डॉक्टर म्हणतो, लोकांना वाटतं काळ म्हणजे कारण, मग परिणाम, अशी सरळ रेघ. पण खरं तर तो… आणि इथे त्याची गाडी घसरते. विबली-वॉबली, टाइमी-वायमी असं काहीतरी बरळून तो गप्प होतो. सॅली म्हणते, वाक्याची सुरुवात चांगली होती. तो म्हणतो, हो, हातातून निसटलं ते.

हा घोटाळा तो प्रॉम्प्टरवरून वाचतोय! म्हणजे सुचेना म्हणून अडखळतोय असं नाही. अडखळण्याचं वाक्य समोर लिहिलंय, म्हणून अडखळतोय.

कॉलेजात असताना मी एकांकिकांना विंगेत प्रॉम्प्टिंग करायचे. एका तालमीत आमच्या नायकाची जीभ अशीच वळली. ‘मी तुला शेवटचं विचारतो’ म्हणायच्या ऐवजी तो ‘मी तुला शेवटचं विसरतो’ म्हणून गेला. सगळे हसले. दिग्दर्शकाला ते इतकं आवडलं की त्याने मला सांगितलं, संहितेत तसंच लिही. प्रयोगाला पोरगं नेमकं तिथेच अडलं, आणि मी विंगेतून त्याला त्याचीच चूक कुजबुजून दिली. टाळ्या पडल्या. प्रेक्षकांना तो खराखुरा घोटाळा वाटला, पण तो लिहिलेला होता, आणि लिहिलेला असला तरी कधीतरी खरा घडला होता. एका मंगळवारी संध्याकाळी, तालमीच्या खोलीत, चहा यायच्या आधी. ‘ब्लिंक’मध्ये तो मंगळवारच नाही. डॉक्टरने वाचलं, लॅरीने लिहून घेतलं, डॉक्टरने वाचलं. घोटाळा आहे, पण तो पहिल्यांदा झालाच नाही. तुम्हाला खटकतंय ते हेच.

याला इंग्रजीत ‘बूटस्ट्रॅप पॅराडॉक्स’ म्हणतात. नाव विज्ञानकथालेखक रॉबर्ट हाइनलाइनच्या १९४१ मधल्या एका कथेवरून पडलंय. काही मराठी मित्र याला ‘बीजांकुर’ म्हणतात, बी आधी की झाड. मला ते पटत नाही. बीजांकुरात दर वेळी बी नवं असतं. या बीचं झाड, त्या झाडाचं दुसरं बी, अशी मागे मागे न संपणारी साखळी. आपल्या नैयायिकांनीही, म्हणजे जुन्या तर्कपंडितांनीही, ती फारशी सदोष मानली नाही. इथे साखळी नाही, दोनच कड्या आहेत आणि त्या एकमेकींत अडकल्यात. त्यांच्या न्यायशास्त्रात याला वेगळा शब्द आहे, अन्योन्याश्रय. याचा आधार तो आणि त्याचा आधार हा. वादात असं कुणी केलं की तो दोष धरतात. पण तो दोष सिद्ध करण्यातला. ‘अमुक खरं का?’ याला ते उत्तर होत नाही. ‘अमुक घडू शकतं का?’ हा प्रश्न निराळा.

घडू शकतं का याबद्दल भौतिकशास्त्र काय म्हणतं, तर तुमच्या अपेक्षेपेक्षा बरंच उदार आहे. नोविकोव्हचं म्हणणं असं की काळात मागे जाता आलंच, तर ज्या घटनांनी विसंगती येईल त्या घडणारच नाहीत. मागे जाऊन आजोबांना त्यांच्या लहानपणीच मारायला गेलात (मग तुम्ही जन्मलात कसे?) तर बंदूक अडकेल, नेम चुकेल, काहीतरी होईल. भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हे बिलियर्डच्या चेंडूवर तपासलं. चेंडू वर्महोलमध्ये, म्हणजे अवकाश-काळातल्या बोगद्यात, शिरतो, थोडा आधीच्या वेळेत बाहेर पडतो आणि स्वतःलाच धडकतो. अशी धडक बसली की तो वर्महोलमध्ये शिरूच नये, असा पेच घालून बघितला. त्यांना पेच सुटलेला सापडला. चेंडू स्वतःला पुरता अडवत नाही, नुसता घासून जातो, आणि त्या घासण्यामुळेच पुढची धडक घासण्याइतकी हलकी होते. वर गंमत म्हणजे एका सुरुवातीसाठी एक नाही, अगणित जुळणारी उत्तरं निघाली.

हे ‘ब्लिंक’ला लावून बघा. डॉक्टर आणि सॅली यांचं संभाषण कुठेही स्वतःला खोडत नाही, म्हणून ते नियमात बसतं. पण नियम एवढंच सांगतो. डॉक्टरने त्या जागी कांदेबटाट्यांचा भाव सांगितला असता आणि सॅलीने त्याला साजेसं उत्तर दिलं असतं, तरी वर्तुळ तितकंच नीट बसलं असतं. मग हेच संभाषण का? नियमाकडे उत्तर नाही. डेव्हिड डॉइच या ऑक्सफर्डच्या भौतिकशास्त्रज्ञाचा आक्षेप नेमका इथे आहे. १९९१ च्या आपल्या निबंधात त्याने आजोबांच्या कोड्यापेक्षा हे कोडं जास्त गंभीर मानलं. त्याच्या मते ज्ञान असं आयतं उगवत नाही. कुणीतरी विचार करावा लागतो, चुका कराव्या लागतात, काही तरी प्रक्रिया व्हावी लागते. मी डॉइचच्या बाजूची आहे. प्रॉम्प्टिंग केलेलं कुणीही असेल.

तुम्ही पुढे विचारलंय की डॉक्टरने हट्टाने एखादं वाक्य बदललं असतं तर. हा प्रश्न बहुतेक टाइम ट्रॅव्हल कथांना जड जातो, कारण तिथे पात्राला बदल करण्याची इच्छा असते आणि लेखकाला त्याचे हात बांधावे लागतात. इथे उलट आहे. डॉक्टरला टार्डिस परत हवी आहे आणि हातातला कागद म्हणजे ती परत मिळवण्याची युक्ती. असा कागद मिळाल्यावर कुठला शहाणा माणूस त्यात सुधारणा करेल? नियतीने त्याला अडवायला नको, त्याचा स्वार्थच पुरेसा आहे. कागदाला शेवट कसा दिलाय तेही बघा. डॉक्टर म्हणतो, तुझं पुढचं काही माझ्याकडे नाही, तू का थांबलीस ठाऊक नाही पण अंदाज आहे. इकडे लॅरीने लिहिणं थांबवलंय, कारण एंजल जवळ आलाय. डॉक्टरला जितकं माहीत आहे ते लॅरीच्या पेनाइतकंच. इतकी साधी, इतकी चोख जुळणी मी टीव्हीवर क्वचित पाहिली. या भागाला विज्ञानकथांसाठीचा २००८ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला तो उगाच नाही.

मला खरी तक्रार करायची झाली तर ती या भागाबद्दल नाही, मालिकेबद्दल करेन. दोनच वर्षं आधी, २००५ मध्ये, ‘फादर्स डे’ नावाचा भाग होता. डॉक्टरची तेव्हाची सोबतीण रोझ १९८७ मध्ये जाऊन अपघातात मरणाऱ्या वडिलांना वाचवते आणि काळाला भोक पडून त्यातून राक्षसी पक्ष्यांसारखे प्राणी येतात. म्हणजे तिथे भूतकाळ बदलता येतो, फक्त भयंकर महागात पडतो. ‘ब्लिंक’मध्ये तो बदलायला जागाच नाही. विश्व एक आणि कायदे दोन. मालिका सलग बघणाऱ्याला हे खुपणारच, आणि ‘लेखक वेगळे’ यापलीकडे खुलासा नाही. मी एकेक भाग स्वतंत्र कथा म्हणून बघते, त्यामुळे झोप लागते. २०१५ मध्ये याच मालिकेत पीटर कपाल्डीने साकारलेल्या डॉक्टरने कॅमेऱ्याकडे बघून हेच बूटस्ट्रॅपचं कोडं संगीतकार बीथोव्हनचं उदाहरण देऊन समजावून सांगितलं. मला ते ‘ब्लिंक’पेक्षा फिकं वाटलं. इथे कुणी समजावत नाही. बिली म्हातारा होऊन इस्पितळात पडलाय, खिडकीबाहेर पाऊस आहे. सॅली म्हणते आपण भेटलो तेव्हाही पाऊस पडत होता, आणि तो म्हणतो, तोच पाऊस आहे हा. तिला काही तास झालेत, त्याला अडतीस वर्षं.

आणि तो हरवलेला मंगळवार? कथेच्या जगात तो नाही, पण आपल्या जगात आहे. पटकथाकार स्टीव्हन मॉफॅटने हीच कल्पना आधी ‘डॉक्टर हू ॲन्युअल २००६’मध्ये एका लघुकथेत वापरली होती. तिथली सॅली स्पॅरो बारा वर्षांची आहे आणि सगळी हकिगत म्हणजे तिने शाळेसाठी लिहिलेला, सुट्टीत काय केलं यावरचा निबंध. वीस वर्षं मागे अडकलेल्या डॉक्टरला तो निबंधच मार्गदर्शक म्हणून मिळतो. ‘ब्लिंक’ त्या कच्च्या खर्ड्यावरून झाला.

तरीही तुम्हाला चूक हवीच असेल तर एक देते, माझी आवडती. शेवटी एका जुन्या घराच्या तळघरात चार एंजल्स टार्डिसला घेरतात, टार्डिस नाहीशी होते आणि ते समोरासमोर येऊन एकमेकांच्या नजरेने कायमचे दगड होतात. पण त्याच तळघरात मिनिटभरापूर्वी एक एंजल बोट रोखून बल्ब लुकलुकवत होता, आणि अंधाराच्या प्रत्येक क्षणाला ते पुढे सरकत होते. मग तो बल्ब पुढे कधीतरी जाणारच की. गेला की अंधार, अंधारात कुणी कुणाला बघत नाही, म्हणजे चौघे मोकळे!

हे मी मोठ्या ऐटीत माझ्या धाकट्या भावाला ऐकवलं होतं. तो म्हणाला, ताई, जो शिकारीसाठी दिवे घालवतो त्याला अंधारात दिसत असणारच. तेव्हा बल्ब गेला तरी ते एकमेकांना बघतच राहतील. मी दोन दिवस गप्प होते. मग फोन करून विचारलं, उद्या ते घर पाडायला माणसं आली आणि त्यांनी एकाच्या डोक्यावर ताडपत्री टाकली तर? अजून त्याचं उत्तर आलेलं नाही.