हिशोबाची वही आपल्या घरात हवी

प्रश्न : ताई, आमची कातकरी वाडी कर्जत तालुक्यात आहे. मी बारावी झाले आहे. आई-बाबा दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. मागच्या पावसाळ्यात बाबांनी मालकाकडून ३०,००० रुपये उचल घेतली. भट्टीवर दर आठवड्याला ८०० रुपये खर्ची मिळायची. हजार विटांमागे जोडीला ६०० रुपये दर ठरला होता. २४ आठवडे राबल्यावर मालक म्हणाला, "अजून ७,००० तुमच्याकडे निघतात, पुढच्या वर्षी फेडा." वही त्याच्याकडेच असते. खरं काय ते कसं कळणार?
– एक वाचक, जि. रायगड

उत्तर : तू दिलेल्या आकड्यांवरून बरंच कळतं. खर्ची झाली १९,२०० आणि उचल ३०,०००. म्हणजे मालकाने दिले ४९,२००. त्यातले ७,००० अजून फिटायचे असतील, तर त्याच्या वहीत आई-बाबांची मजुरी ४२,२०० लागली आहे. ६०० च्या दराने या साधारण ७०,००० विटा. आठवड्याचे सहा दिवस धरले तर १४४ दिवस, म्हणजे दिवसाला पाचशे विटासुद्धा नाहीत.

आता आईला विचार, रोज किती विटा पडायच्या? ती आठशे म्हणाली, तर मजुरी होते ६९,१२०. मग बाकी तुमच्याकडे नाही, मालकाकडेच तुमचे १९,९२० रुपये निघतात. थापलेल्या पण वहीत न लागलेल्या विटा बहुतेक वेळा 'तूट' म्हणून गेलेल्या असतात. अवकाळी पाऊस पडला, कच्च्या विटा विरघळल्या, की नुकसान मजुराच्या माथी. थापलेल्या विटेची मजुरी पावसाने बुडू नये, असं माझं ठाम मत आहे. तूट कोणी सोसायची हे उचल घेण्याआधीच चार माणसांसमोर बोलून घ्या.

यंदा आईबरोबर एक वही दे. रोज संध्याकाळी मोजणी झाली की शंभर विटांना एक रेघ. आईला लिहिता येत नसलं तरी रेघ ओढता येते. खर्ची मिळाली की त्या दिवसापुढे गोल. औषधपाण्याला घेतलेले पैसेही त्यातच. आठवड्याला मुकादमाची सही घ्या. तो देत नसेल तर त्याच्या वहीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आणि ते ७,००० फेडायला पुन्हा त्याच भट्टीवर जायलाच हवं, असं कुणी धमकावलं तर घाबरू नका. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असं बांधून ठेवणारं कर्ज रद्द होतं. किमान वेतनाहून कमी पैशात राबवणं ही वेठच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितलं. तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

पण उचल मुळात का लागते? आषाढ-श्रावणात काम नसतं, घरात दाणा नसतो, आणि मालक नेमका तेव्हाच पैसे घेऊन दारात येतो. २०२० मध्ये सरकारने आदिवासी कुटुंबांना ४,००० रुपयांचं खावटी अनुदान, म्हणजे पोटापाण्यासाठीची मदत, जाहीर केलं, निम्मं रोख आणि निम्मं वस्तूंत. तेवढ्यावर पावसाळा निघत नाही. म्हणून वाडीतल्या दहा-बारा बायांचा बचत गट काढा. भट्टीवर जाणाऱ्या बाया सहा महिने बाहेर असतात, तेव्हा दरमहा हप्त्याचा आग्रह धरू नका. भट्टीचा हिशोब होऊन हातात पैसे आले की एकदम जास्त भरा, आणि पावसात त्यातूनच तांदळापुरतं कर्ज घ्या. गटाचं व्याज गटातच राहतं. पहिल्या वर्षी ३०,००० ची उचल २०,००० वर आली तरी खूप झालं; कमी उचल घेतलेला माणूस दर ठरवताना दोन शब्द जास्त बोलू शकतो. गटाची वही तूच लिही, पण दर बैठकीत मोठ्याने वाचून दाखव.

बँकेचं खातं आईच्या नावाने वेगळं काढ. कातकरींसारख्या अतिमागास आदिवासी समाजांसाठीच्या केंद्र सरकारच्या पीएम-जनमन मोहिमेत आधार, जातीचा दाखला, जनधन खातं यांची शिबिरं होतात, ग्रामपंचायतीत चौकशी कर. खात्यातले पैसे काढायला गावातल्या यंत्रावर अंगठा दिला की पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही. 'सर्व्हर डाऊन आहे, परत अंगठा लाव' असं सांगितलं तर आधी शिल्लक तपासून मागा.

आईने सांगितलेला विटांचा आकडा मला लवकर कळव. अर्जाचा मजकूर मी लिहून पाठवते.