सोयाबीनचे तणनाशक रब्बी ज्वारीला भोवते तेव्हा: कृषी सल्ला

या पंधरवड्यात जमिनीत राहून गेलेल्या औषधांबद्दल बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहे.

प्रश्न: खरिपात सोयाबीनवर इमाझेथापर हे तणनाशक मारले. तण हटेना म्हणून दुकानदाराने प्रमाण दुप्पट करायला सांगितले. ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली. आता त्याच रानात रब्बी ज्वारी वीतभर होऊन थांबली आहे, पोंगा (शेंड्याची कोवळी पाने) पिवळा पडला आहे. दुकानदार म्हणतो जस्त कमी पडले, झिंक आणि टॉनिक फवारा. काय करावे? (औसा तालुका)

उत्तर: काहीही फवारू नका. आधी खुरप्याने चार पिवळी आणि चार हिरवी रोपे मुळासकट काढा, बादलीत धुवा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. पिवळ्या रोपाची मुळे आखूड, जाडसर, बाटली धुवायच्या ब्रशसारखी खुंटलेली दिसली तर तो तणनाशकाचा मार आहे. जस्त कमी पडल्याने मुळे अशी होत नाहीत. दुसरी खूण बांधावर उभे राहिले की दिसते. पिवळेपणा पट्ट्यापट्ट्याने असतो आणि सगळ्यात जास्त धुऱ्याजवळ, कारण फवारणारा माणूस नोजल बंद न करताच तिथे वळतो. मी अशी कितीतरी राने पाहिली आहेत. बहुतेक ठिकाणी शेतकऱ्याने माझ्याआधी दोन टॉनिकांचे पैसे दुकानात भरलेले असतात.

आता हिशेब समजून घ्या. इमाझेथापर १० टक्के एसएल हे एकरी ४०० मिली, पेरणीनंतर १५ ते २० दिवसांत, तण दोन-चार पानांवर असताना मारायचे असते. जमिनीत ओल असेल तर साधारण दोन ते तीन महिन्यांत ते निम्मे होते. दोन महिनेच धरा. ४०० मिलीचे दोन महिन्यांनी २०० उरते, चार महिन्यांनी १००. तुम्ही ८०० मारले असेल तर चार महिन्यांनी २०० उरणार, आणि १०० वर यायला आणखी दोन महिने लागणार. सोयाबीनची फवारणी जुलैत आणि ज्वारीची पेरणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात. तेवढे दोन महिने तुमच्याजवळ नसतातच. म्हणून म्हणतो, दुप्पट डोस देऊ नका. तण हटले नाही ते उशिरा मारल्यामुळे, डोस कमी पडल्यामुळे नाही. दहा पानांचे तण दुप्पट डोसनेही नीट मरत नाही, जमिनीत विष मात्र दुप्पट राहते.

त्यातून पाऊस हुकला. हे औषध मुख्यतः मातीतले जिवाणू मोडतात आणि जिवाणूंना ओल लागते. कोरड्या ढेकळात त्यांचे काम थांबते, औषध जसेच्या तसे पडून राहते. पावसाने ओढ दिलेल्या वर्षी पुढच्या पिकाला धोका जास्त, हे पक्के लक्षात ठेवा. मक्यात किंवा उसात अ‍ॅट्राझिन हे तणनाशक मारणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या चुनखडीच्या, सामू (पीएच) आठच्या आसपास असलेल्या काळ्या जमिनीत ते हलक्या आंबट जमिनीपेक्षा जास्त टिकते. त्यामुळे दुसऱ्या भागातल्या माणसाने व्हिडिओत सांगितलेला काळ तुमच्या रानाला लागू होईलच असे नाही. अ‍ॅट्राझिनमागे लगेच कांदा, भाजीपाला किंवा सोयाबीन घेऊ नका. २,४-डी मात्र ओल असेल तर दहा-पंधरा दिवसांतच निम्मे होते. सगळ्या तणनाशकांना एकच नियम लावू नका. डब्यावरचे पत्रक वाचा.

आता उपाय. पाणी असेल तर हलके पाणी देऊन रान वापशावर ठेवा आणि कोळपणी करा. नवी पाने हिरवी निघू लागली तर पीक सावरेल. पोंगाच मेला असेल तर वाट बघू नका. पेरणीची वेळ उरली असेल तर पट्टे मोडून हरभरा करा, त्याला या औषधाचा त्रास तुलनेने कमी होतो. मोहरी, कांदा, भाजीपाला या रानात आत्ता नको. तणनाशक उतरवणारे म्हणून बाटली विकायला कोणी आले तर घेऊ नका. मातीत पसरलेले तणनाशक बाहेर काढणारी बाटली नाही. ह्युमिक नाही, अमिनो नाही, १९:१९:१९ हे विद्राव्य खतही नाही.

आणि पुढच्या वर्षापासून पेरणीआधी कुंडी लावा. मी प्रत्येक सभेत हे सांगतो, करतात थोडे. रानातल्या आठ-दहा ठिकाणची, पट्ट्यातली आणि धुऱ्याजवळची धरून, वरच्या अर्ध्या वितीची माती घ्या. तीन कुंड्या तिच्या, तीन कुंड्या फवारा न गेलेल्या बांधाकडच्या मातीच्या. कुंडी नसेल तर प्लास्टिकचा डबा चालतो, बुडाला भोके पाडा. जे पीक घ्यायचे त्याचेच दहा-दहा दाणे टाका, सोबत थोडी मोहरी किंवा मुळा टाका, कारण ही रोपे मार लवकर दाखवतात. तीन आठवड्यांनी उपटून मुळे बघा. दोन्हींकडची सारखी असतील तर बिनधास्त पेरा. खर्च मूठभर बियाणे, आणि वाचते अख्ख्या एकराचे.

प्रश्न: वडील ज्वारी-कापसावर बीएचसी ही कीटकनाशक पावडर धुरळत असत. ती अजून जमिनीत असेल का? तिथे गाजर घ्यायचे आहे. मृदा आरोग्य पत्रिकेत काही दिसत नाही. (जामनेर तालुका)

उत्तर: पत्रिकेत दिसणारच नाही. तिच्यात १२ घटक तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. औषधाचा अंश तपासायचा तर अवशेष तपासणीच्या प्रयोगशाळेत वेगळा नमुना द्यावा लागतो.

बीएचसीवर १९९७ पासून बंदी आहे, त्यातला जहाल भाग असलेल्या लिंडेनचा वापर २०१३ मध्ये थांबला. शेतीतले डीडीटी १९८९ मध्येच बंद झाले. ही क्लोरीनची जुनी औषधे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, मातीच्या सेंद्रिय भागाला घट्ट चिकटतात आणि जिवाणूंना ती लवकर पचत नाहीत. जमिनीप्रमाणे डीडीटी निम्मे व्हायला २ ते १५ वर्षे लागतात आणि मोडून जे डीडीई तयार होते ते मूळ औषधापेक्षाही चिवट असते. आपल्याकडच्या उन्हात बराच भाग उडून जातो, एवढा दिलासा आहे. भातखाचरासारख्या पाणी साचणाऱ्या जमिनीत बीएचसी लवकर मोडते, तुमच्या कोरडवाहू रानात तितके नाही.

इतक्या वर्षांनी सगळे रान टाकून द्यायची गरज नाही. पावडरची पोती जिथे ठेवत, जिथे मिसळत, तो कोपरा मात्र वेगळा धरा. तिथे गाजर नको, कारण ही औषधे गाजराच्या सालीत उतरतात. भोपळाही नको, तो मुळांवाटे ती ओढतो. तिथे कापूस घ्या. गाजर बाकीच्या रानात घ्या, पण बाजारात नेण्याआधी एकदा नमुना तपासून घ्या.

प्रश्न: सेंद्रिय खतासाठी काही योजना आहे का?

उत्तर: गांडूळखत आणि नाडेप (कंपोस्ट खताच्या) टाकीला वेगवेगळ्या योजनांतून मदत मिळते. सध्या कोणती चालू आहे ते गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा, महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरही बघा. पण अनुदानासाठी थांबू नका. कुजलेले शेणखत म्हणजे जिवाणूंचे घर आहे, आणि औषध मोडणारे तेच आहेत. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी काढलेली नाडेपची पद्धत विटा, काडीकचरा, शेण आणि मातीवर चालते. ते सगळे तुमच्या बांधावर आहे.

प्रश्न: सप्टेंबरमध्ये उसाला हुमणी (मुळे खाणारी अळी) लागली. एक दुकानदार फोरेट हे कीटकनाशक देतो म्हणाला, दुसरा फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची दुप्पट आळवणी (मुळाशी ओतणे) सांगतो. (वाळवा तालुका)

उत्तर: फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. ते देणाऱ्याकडून काहीच घेऊ नका आणि तालुका कृषी अधिकाऱ्याला कळवा. जे घ्याल त्याचे पक्के बिल घ्या. बिल नसेल तर तक्रारीला आधार उरत नाही.

दुसराही सल्ला चुकीचा आहे. सप्टेंबरची हुमणी अंगठ्याएवढी जाड, तिसऱ्या अवस्थेतली असते. तिला औषध फारसे बाधत नाही. दुप्पट ओतले तर हुमणी जगते आणि औषध जमिनीत राहते. फिप्रोनिल मातीत मोडून सल्फोन बनते. ते विषारीच असते आणि मूळ औषधापेक्षा जास्त टिकते. औषध मोडले म्हणजे विष संपले असे प्रत्येक वेळी नसते. इमिडाक्लोप्रिडही भारी जमिनीत महिनोन् महिने राहू शकते, गांडुळांना ते सोसत नाही.

आत्ता वाळलेली बेटे उपटा, खणून अळ्या गोळा करून मारा. शेणखतात मेटारायझियम (अळी मारणारी बुरशी) मिसळून ओलीवर द्या, त्याच्यासोबत बुरशीनाशक देऊ नका. आणि खरे काम वळवाच्या पहिल्या पावसानंतर करा. दिवस मावळला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुलिंब-बाभळीवर बसतात. झाडाखाली जुनी साडी अंथरा, काठीने फांद्या हलवा आणि पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. एकट्याने केले तर शेजारच्या शेतातले तुमच्याकडे येतील, म्हणून शिवारातल्या सगळ्यांनी मिळून, एकाच आठवड्यात, रोज संध्याकाळी हे करा.