लांडग्याने सांगितलेली तीन डुकरांची गोष्ट: विडंबन म्हणायचं की दुसरं काही?

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका ताईंचा प्रश्न आलाय, तो आधी थोडक्यात सांगतो. त्यांच्या फ्लॅट स्कीममध्ये त्या मुलांसाठी छोटीशी लायब्ररी चालवतात, एकच कपाट आहे, आणि त्यात आता इंग्रजी चित्रांची अशी बरीच पुस्तकं जमलीत ज्यात जुनीच परीकथा असते पण फिरवलेली, म्हणजे तीन डुकरांची गोष्ट लांडगाच सांगून राहिला, नाहीतर राजकन्याच राजपुत्राला सोडवायला निघाली. ताईंनी त्या खणावर 'परीकथांचं विडंबन' अशी चिठ्ठी लावली तर एका आजींनी हटकलं, "लेकरांच्या गोष्टीचं विडंबन कायले करता बाप्पा?" ताई विचारतात की आजींचं चुकतंय का, आणि चुकत नसेल तर मराठीत दुसरा शब्द कोणता.

ताई, आजींचा कान बरोबर आहे. संस्कृतात विडंबन म्हणजे नक्कल करणं, सोंग आणणं, आणि त्याच शब्दात हिणवणंही आहे. मराठीत त्याची दोन-तीन रूपं फिरतात, 'दैवाची विडंबना' आपण म्हणतो, आणि पेपरात पुतळ्याची 'विटंबना' येते तोही मुळात हाच शब्द, ड चा ट झालेला. म्हणजे शाळेत मराठी साहित्य शिकलेल्या माणसाला 'विडंबन' म्हटलं की आचार्य अत्रे आणि त्यांनी केशवकुमार नावाने लिहिलेली 'झेंडूची फुले' आठवतात, आणि आजींच्या कानाला मात्र कोणाची तरी अब्रू गेल्यासारखं वाटतं. दोघंही बरोबर ऐकतात. मुलांच्या कपाटावर चिठ्ठी लावायची तर आजींचं ऐकणं जास्त महत्त्वाचं, कारण पुस्तक घरी घेऊन जाणाऱ्या लेकराचा हात बहुतेक वेळा आजीच धरून असते.

पण समजा आजी नसत्या, तरी मला 'विडंबन' इथे बसत नाही असंच वाटतं. अत्र्यांनी काय केलं ते बघा, त्या काळच्या कवींचा थाट, त्यांचे लाडके शब्द, वृत्तं सगळं जसंच्या तसं उचललं आणि आत विषय भलताच भरला. तिथे निशाणा ठरलेला होता, त्या कवितेचा खोटा थाट. आणि नागपूरकरांना तर निशाणा म्हणजे काय हे शिकवायलाच नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीतून काळी-पिवळी मारबत म्हणजे मोठ्या बाईच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे म्हणजे टिंगलीचे पुतळे असतात, महागाईचा, भ्रष्टाचाराचा, ज्या त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला असेल त्याचा, आणि "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत शेवटी ते जाळतात. बडग्या हे खरं विडंबन आहे, रागातून आलेलं. आता तुमच्या कपाटातली ती पुस्तकं उघडा. तिथे तीन डुकरांच्या गोष्टीवर कोणाचा राग आहे का? उलट ज्याने लिहिलं त्याला ती गोष्ट इतकी पाठ आहे, इतकी आवडते की तो तिला सोडूच शकत नाही, परत परत तिच्या दाराशी जातो.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं १९८९ चं, जॉन शेस्काने लिहिलेलं आणि लेन स्मिथने चित्रं काढलेलं. त्यात लांडगा म्हणतो की मला सर्दी झाली होती, आजीच्या वाढदिवसाला केक करत होतो, साखर संपली म्हणून शेजारी कपभर साखर मागायला गेलो, शिंक आली आणि घर पडलं, माझा काय दोष? आता बघा, या गोष्टीत मुळातल्या मोठ्या घटना तशाच आहेत. गवताचं घर पडलं, काटक्यांचं पडलं, विटांचं उभं राहिलं, पहिली दोन डुकरं गेली ती गेलीच. सांगणारा बदलला एवढंच. आणि चित्रांची पुस्तकं असल्याने यात आणखी एक गंमत असते, शब्द एक सांगतात आणि चित्र हळूच दुसरं दाखवतं, लांडगा तोंडाने साधा-भोळा बनून राहिला पण त्याच्या बर्गरमधून सशाचे कान बाहेर आलेत हे अजून अक्षरं न वाचणाऱ्या पोट्ट्याला आधी दिसतं आणि वाचून दाखवणाऱ्या बापाला नंतर. साहित्यात विडंबन हा शब्द कवितेच्या संदर्भात रुळलाय, त्याच्यात चित्राचा हा खेळ मावतच नाही.

इंग्रजीत याला जे नाव आहे त्याचा अर्थ 'फ्रॅक्चर झालेली परीकथा' असा होतो. ते नाव रूढ झालं १९५९ पासूनच्या एका अमेरिकन कार्टून कार्यक्रमामुळे, त्यात या नावाचा छोटा भाग असायचा. कोणी त्याचं सरळ मराठी करून 'भग्न परीकथा' म्हणतं, कोणी 'मोडकी परीकथा'. ताई, हे कृपा करून नको. आपल्याकडे फ्रॅक्चर म्हटलं की प्लास्टर आठवतं आणि भग्न म्हटलं की एखादं पडकं देऊळ. 'उलटी गोष्ट' हा शब्द काही लोक सुचवतील, अर्थाने जवळचा आहे, पण पाच वर्षांच्या मुलासमोर 'उलटी' म्हणून बघा, पुढची दहा मिनिटं तो ओकारीचे आवाज काढेल आणि गोष्ट राहील बाजूला. 'विपर्यास' मध्ये आरोप आहे, माझ्या बोलण्याचा विपर्यास केला असं पुढारी म्हणतात तो. 'रूपांतर' फारच मोठी चादर आहे, नाटकाची कादंबरी केली तरी रूपांतर. हिंदीच्या शेजारामुळे नागपुरात 'उलटबांसी' पण कानावर येतं, पण कबीराच्या उलटबांसीत आत एक गूढ अर्थ दडलेला असतो आणि तो उकलायचा असतो, इथे उकलायचं काही नाही, हसायचं आहे. 'तिरपागडी गोष्ट' मला स्वतःला खूप आवडतो, शब्दातच तिरपं बसलंय, मात्र तिरपागडा माणूस म्हणजे ज्याचं कोणाशी पटत नाही असा, ती कुरकुर शब्दाला चिकटलेली आहे.

चिठ्ठीवरच्या 'परीकथा' या अर्ध्या भागावरही दोन वाक्यं बोलू दे, कारण आजी उद्या हेही विचारतील की डुकरांच्या गोष्टीत परी कुठाय. नाहीच आहे. लाल टोपीवालीच्या गोष्टीतही नाही. फ्रेंचमध्ये १६९७ च्या आसपास अशा गोष्टींच्या पुस्तकांवर परीचं नाव पडलं आणि इंग्रजीने ते उचललं, जर्मनीत ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये पुस्तक काढलं तेव्हा वापरलेला शब्द मात्र नुसता 'छोटी गोष्ट' अशा अर्थाचा. आपली 'परी' फारसीतून आलेली, इंग्रजीतल्या शब्दाशी तिचं नातं नाही, तो लॅटिनमधल्या नियतीच्या शब्दातून आलाय, आवाज जवळचा वाटतो तो योगायोग. आणि खरी मजा पुढे आहे. इराणच्या जुन्या अवेस्ता ग्रंथात ही परी, तिथलं रूप 'पैरिका', चक्क दुष्ट चेटकीण आहे, आणि पुढे फारसी कवितेत तीच सुंदरी झाली. म्हणजे लांडग्याला नंतर भला ठरवणारे लेखक यायच्या कितीतरी आधी भाषेने परीचीच गोष्ट फिरवून ठेवली होती. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी घरात सगळ्यांना धरून धरून सांगितलं होतं.

तर चिठ्ठीवर 'परीकथा' नाही लिहिलं तरी चालेल, 'गोष्ट' पुरे. आपल्या वऱ्हाडी बोलीत तर 'गोठ' म्हणतात, आणि गोष्ट-गोठ-गोठा हे सगळे एका घरचे आहेत, संस्कृतात गोष्ठ म्हणजे गाईंची बांधायची जागा आणि गोष्ठी म्हणजे जमलेली मंडळी, त्यांचं बोलणं. इकडे आपण अजूनही 'गोष्टी करत बसलो' म्हणतो तेव्हा गप्पाच मारत असतो.

आता माझा शब्द. फिरकी.

'फिरकी घेणे' सगळ्यांना माहीत आहे, एखाद्याची प्रेमाने टर उडवणं, ज्यात तोही शेवटी हसतो. त्यात जाळणं-बिळणं नाही, मारबतीचा राग नाही. क्रिकेटमधली फिरकी घ्या, बॉल टप्पा पडेपर्यंत सरळच येत असतो, बॅट्समनला वाटतं आला आपल्या ठिकाणी, आणि मग वळतो. नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर नोव्हेंबर २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा डाव ७९ वर आटोपला आणि अश्विनने त्या मॅचमध्ये १२ विकेट काढल्या, ते ज्यांनी पाहिलं त्यांना टप्प्यानंतरचं वळणं म्हणजे काय हे मी समजावून सांगायची गरज नाही. या पुस्तकांचंही अगदी हेच असतं, पहिलं पान ओळखीचं, 'एक आटपाट नगर होतं' इतकं ओळखीचं, आणि टप्पा पडला की वळण. ज्याला सरळ बॉल कसा येतो हेच माहीत नाही त्याला फिरकी कळणार कशी? म्हणून मला हा शब्द नुसता छान म्हणून नाही, नेमका म्हणून हवाय, पुस्तक कसं काम करतं ते त्या शब्दातच आहे.

कोणी म्हणेल फिरकी माणसाची घेतात, गोष्टीची कशी घेणार? शंका योग्य आहे. 'परीकथेची फिरकी' म्हटलं तर बिचारी परीकथाच टवाळीला बसल्यासारखी वाटते, म्हणजे आपण परत आजींच्या तक्रारीशी येऊन थांबतो. त्यावर उपाय आजींच्याच घरात आहे. जुन्या घरांमध्ये प्रवासाला न्यायचा तांब्या असायचा, वरचं झाकण मळसूत्राने फिरवून घट्ट बसायचं, पाणी सांडायचं नाही, त्याला 'फिरकीचा तांब्या' म्हणतात. कानातल्याच्या मागचा जो छोटा भाग फिरवून बसवतो तीही फिरकीच. 'फिरकीचा तांब्या' म्हणजे ज्याला फिरकी आहे असा तांब्या, तांब्याची कोणी टर उडवत नाही. तसंच 'फिरकीची गोष्ट' म्हणजे ज्या गोष्टीला फिरकी आहे ती. षष्ठीचा प्रत्यय तोच, पण अर्थ किती बदलतो बघा! अनेकवचन 'फिरकीच्या गोष्टी'. आणि फिरकी वाचणाऱ्याची घेतली जाते, गोष्टीची नाही, हेही त्यात आपोआप येतं.

आता हे मराठी मुलांना लागू पडतं का ते सांगतो, कारण शब्द आणला आणि वापरायला माल इंग्रजीच असला तर तो शब्द टिकत नाही. माझा भाचा सहा वर्षांचा आहे, नागपूरच्या महाल भागात राहतो. गेल्या मे महिन्यात लाइट गेली होती आणि मी त्याला चिऊ-काऊची गोष्ट सांगत होतो, काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, पाऊस आला, काऊचं घर वाहून गेलं. तो घामाने भिजलेला, थांबवून म्हणाला, "मामा, पण आत्ता तर ऊन आहे नं, मग मेणाचं घर नाही का पातळ होणार?" मी गप्पच झालो. पारा ४५ वर, आणि शेणाने सारवलेलं घर खरंच थंड असतं, ज्यांनी खेड्यात आजोळी दुपार काढलीय त्यांना माहीत आहे. मग आम्ही दोघांनी बसून गोष्ट केली, चिऊचं घर एका बाजूला लोंबायला लागलं, ती उडत काऊकडे आली, "काऊदादा काऊदादा दार उघड", आणि आतून काऊ म्हणतो, "थांब, कूलरमध्ये पाणी भरतो." पुन्हा "दार उघड", तर "थांब, पन्हं ढवळतो." भाचा इतका हसला की शेजारच्या काकू बघायला आल्या. इतकी वर्षं आपण बाळाला तीट लावते, बाळाला आंघोळ घालते म्हणून त्या काऊला पावसात ताटकळत ठेवलं, आणि एका नागपुरी उन्हाळ्याने हिशोब बरोबर केला. तो ताटकळलेला काऊ भाच्याच्या मनात आधीपासून उभा नसता तर त्याला हसू आलंच नसतं.

मोठ्यांसाठीही आपल्याकडे हे जुनंच आहे. सोळाव्या शतकात एकनाथांच्या भारुडातली बाई भवानीआईला नवस करते, "सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला", नवसाची चाल अगदी रीतसर, आणि मागते काय तर सासरा गावी गेलाय त्याला तिकडेच खपव. आत अध्यात्म आहे हे खरं, पण ऐकणारा आधी हसतो तो त्या वळणावर.

तेव्हा ताई, चिठ्ठी बदला आणि 'फिरकीच्या गोष्टी' लिहा, आजींना तांब्याची आठवण करून द्या, बहुतेक त्यांच्याकडे माळ्यावर एक असेलच. फक्त तो खण वेगळा काढून लांब ठेवू नका, सरळ गोष्टींच्या खणाला लागूनच ठेवा, आणि एखादं लेकरू फिरकीचं पुस्तक घ्यायला आलं की आधी विचारा, सरळ गोष्ट ऐकली का. नसेल ऐकली तर दोन्ही पुस्तकं एकाच वेळी द्या, नोंदवहीत एकच पुस्तक धरा.