त्या पानावर तुमचे वाक्य नाही

निपाणीच्या एका वाचक भगिनी लिहितात : लग्नापासून मी रोज रात्री डायरी लिहिते. आईच्या अखेरच्या आजारपणात तिच्या पाटल्यांवरून खानापूरच्या धाकट्या बहिणीशी वाद झाला. त्या रात्री ‘मी एक शब्दही बोलले नाही’ अशी माझी नोंद आहे. वर्षश्राद्धाला बहिणीने माझे तेव्हाचे बोलणे जसेच्या तसे ऐकवले आणि यजमानांनीही ते खरे असल्याचे सांगितले. मी स्वतःलाच फसवत आले का? डायऱ्या जाळून टाकू का?

ताई, सप्रेम नमस्कार.

डायऱ्या जाळू नका. तुम्ही जाणूनबुजून खोटे लिहिलेत असे मला वाटत नाही. दुखावलेले माणूस रात्री लिहायला बसते तेव्हा आपल्याला काय ऐकून घ्यावे लागले हे त्याला शब्दशः आठवते, आपण काय बोललो ते मात्र मनाने तोवर क्षम्य ठरवून बाजूला सारलेले असते. पुढे आपण तीच नोंद पुन्हा पुन्हा वाचतो आणि हळूहळू प्रसंगाऐवजी नोंदच आठवू लागतो.

डायरी कधीतरी सुनेच्या हाती पडेल म्हणून आपण ‘नीट भाषेत’ लिहितो, असे तुम्ही पत्रात जाता जाता म्हटले आहे. मला गोम तिथेच दिसते. तुमचे भांडण घरच्या बोलीत, मध्येच कानडी शब्द येत झाले असणार, कारण आपल्या सीमाभागात राग पुस्तकी मराठीत येत नाही. तो शुद्ध भाषेत उतरवताना आपल्या बोलण्याची धार गळून पडते, आणि सुनेने सासूला कसे पाहावे याचा विचार करत लिहिले की उरलेलेही गळते. यापुढे अशा दिवशी आधी आपल्या तोंडचे वाक्य लिहा, जसे निघाले तसेच, कानडी असेल तर कानडीत, कारणे त्यानंतर.

१९२४ च्या बेळगाव काँग्रेसचे अध्यक्ष असलेले गांधीजी आश्रमवासीयांना रोजनिशी ठेवायला सांगत आणि तीत स्वतःचे दोषही लिहावेत असा त्यांचा आग्रह असे. तो मला योग्यच वाटतो. मात्र आज अपराधी वाटते म्हणून ‘मीच वाईट’ एवढेच लिहून मोकळे होऊ नका, कारण त्यातही प्रत्यक्ष बोललेले वाक्य पुन्हा टळते.

जुने पान खोडू नका. आजच्या तारखेखाली बहिणीने ऐकवलेले वाक्य लिहा, त्या पानाची तारीख शेजारी नोंदवा आणि त्या दिवसापुरते स्पष्टीकरण देऊ नका. मग खानापूरला जा. डायरी सोबत नेऊ नका, पाटल्यांचा विषयही त्या भेटीत काढू नका. मी ते बोलले होते, एवढे बहिणीला स्वतःच्या तोंडाने सांगा आणि तिला जे बोलायचे असेल ते पूर्ण बोलू द्या.