स्लॅपडी सारखा पडतोय? यूपीएस बदलण्याआधी कर्नलची ओळ वाचा

रत्नागिरीच्या कॉलेजात सेंटओएस ७ वरचा ओपनएलडॅप (लॉगिन तपासणारा डिरेक्टरी सर्व्हर; त्याची प्रोसेस म्हणजे स्लॅपडी) दिवसातून दोन-तीनदा बंद पडतो, लॅबमधली सगळी लॉगिनं अडकतात, आणि पावसात लाइट जाते म्हणून संशय यूपीएसवर, असं तुम्ही लिहिलंय. यूपीएस दगा देत असता तर अख्खं मशीन रीबूट झालं असतं. आधी अपटाइम बघा. मशीन आठ दिवस चालू आणि मेलेला फक्त स्लॅपडी, तर विजेला बोल लावू नका.

मग डीमेसेज (dmesg, कर्नलचा संदेश-लॉग) मधली सेगफॉल्टची, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लावल्याने प्रोसेस मेल्याची, ओळ काढा. तिथले 'ॲट' (जिथे चूक झाली) आणि 'एसपी' (स्टॅकचं टोक) हे दोन पत्ते अगदी जवळजवळ असतील, तर थ्रेडचा स्टॅक, म्हणजे फंक्शन बोलावण्यासाठी राखलेली मेमरी, संपलाय. याचं ओळखीचं कारण सीव्हीई-२०२०-१२२४३ ही नोंदलेली सुरक्षा-त्रुटी. सर्च फिल्टरमध्ये (शोधाच्या अटीत) कंसात कंस हजारो पातळ्या घातले की स्लॅपडी दर पातळीला तेच फंक्शन पुन्हा बोलावतो, आणि खोलीला मर्यादाच नव्हती. ती ओपनएलडॅप २.४.५० मध्ये आली.

लॉगमध्ये तो सर्च शोधत बसू नका. त्याची ओळ फिल्टर वाचून झाल्यावर लिहिली जाते, तोवर प्रोसेस गेलेली असते. लॉगलेव्हल २५६ ठेवा आणि पडण्याआधीच्या शेवटच्या 'ॲक्सेप्ट'च्या (नवं कनेक्शन घेतल्याच्या) ओळींमधले आयपी तपासा.

अनामिक बाइंड (नाव-पासवर्डशिवाय जोडणं) बंद केलं की भागलं, असं बरेच जण धरून चालतात. नाही भागत. 'रिक्वायर ऑथसी' (लॉगिनची सक्ती) काय, एसीएल (कोणाला काय दिसावं याचे नियम) काय, तपासणीची पाळी फिल्टर वाचल्यानंतरच येते. म्हणून एलडॅपचे ३८९ आणि ६३६ हे पोर्ट आजच फक्त कॉलेजच्या सबनेटपुरते ठेवा. शिवाय सॉकबफ-मॅक्स-इनकमिंग (एका रिक्वेस्टची कमाल लांबी) मुळात २,६२,१४३ बाइट असतं. एका पातळीला चार-पाच बाइट धरले तरी पन्नास हजारांवर पातळ्या एका रिक्वेस्टमध्ये मावतात. ते १६,३८३ करा, साध्या पासवर्ड लॉगिनला अडचण येत नाही. केर्बेरॉस (तिकिटांवर चालणारं लॉगिन) असेल तर मात्र जपून, तिकिटं मोठी असतात. हा तात्पुरता बांध आहे, दुरुस्ती नव्हे.

आवृत्ती २.४.४४ दिसते म्हणून पॅच नाहीच, असंही नाही. सेंटओएस ज्याच्या पॅकेजांवर बनतो त्या रेड हॅटने तोच आकडा ठेवून दुरुस्ती जुन्या आवृत्तीत आणली. पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये सीव्हीई क्रमांक शोधा, नसेल तर अपडेट करा.

तरी सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपलाय, तेव्हा ओपनएलडॅप २.६ वर जाच. २.५ पासून एचडीबी हा जुना डेटा साठवायचा प्रकार काढून टाकलाय. स्लॅपकॅटने कॉन्फिग आणि डेटा वेगवेगळे उतरवा, डेटा स्लॅपॲडने एमडीबी या नव्या प्रकारात भरा. भरण्याआधी मॅक्ससाइझ (एमडीबीची कमाल जागा) १ जीबी करा. मूळ मर्यादा १० एमबीच आहे, आणि ती भरली की स्लॅपॲड मध्येच थांबतो. तो रूटने चालवला असेल तर फायलींची मालकी सर्व्हरच्या युजरला द्या, नाहीतर स्लॅपडी उठणारच नाही.